लुगड्यातलं चीज

ताराचंदांनी बायकोशी अबोला धरला होता आणि त्याला कारण झाली होती एक गाढवीण.

तसा त्या गाढविणीचा यात काही दोष नव्हता. ती बिचारी नरखेडकडच्या एका गावात संत्र्याच्या बागांच्या कडेनं चरत असे आणि पिलाला पाजून उरेल तेवढं, म्हणजे जेमतेम पेलाभर दूध मालकाला काढू देत असे. तिचं आणि तिच्या सोबतिणींचं ते दूध बर्फाच्या डब्यात घालून, मोटरसायकलवर बसून, नागपूरच्या महाल भागातल्या आपल्या घरापर्यंत आणणारा चेतन हा खरा आरोपी. चेतन म्हणजे ताराचंदांचा एकुलता एक मुलगा. दुधाच्या कारखान्यात चांगल्या नोकरीवर होता. एक दिवस त्याच्या डोक्यात भरलं, की गाढविणीच्या दुधाचं चीज करायचं. जगात फार थोड्या ठिकाणी होतं म्हणे. झालं, नोकरी गेली आणि गाढवीण आली.

रात्री पानावर बसलं की चेतनचं व्याख्यान सुरू होई. आईच्या दुधाच्या सगळ्यात जवळ जाणारं कुठलं दूध असेल तर ते हेच. चरबी नावापुरती. पोटाला हलकं. गाईम्हशीच्या दुधाहून पचायला सोपं. एकदा ताराचंदांना ते ऐकवेना. वरणभात कालवता कालवता ते म्हणाले, "एवढं पौष्टिक असते, तं गाढवाचं पिल्लू मोठं होऊन गाढवच काहून होते गा?"

सून प्रणालीनं पदर तोंडाला लावून हसू दाबलं. चेतन मात्र बापावरच गेलेला. तो हसलाही नाही आणि मागेही हटला नाही.

ताराचंदांचा खरा राग वेगळ्याच जागी होता. घराच्या मागच्या खोलीत त्यांचा माग होता. जमिनीत कमरेएवढा खड्डा, त्यात पाय सोडून बसायचं आणि विणायचं. त्यांचे वडील त्याच खड्ड्यात बसले, ते स्वतः बसले. पुढं हातमागाचं कापड कोणी विचारेना, गुडघेही बोलू लागले, आणि माग उकलून लाकडं माळ्यावर गेली. खड्डा तेवढा राहिला. नागपूरच्या उन्हाळ्यात बाहेर चप्पल वितळायची पाळी आली तरी त्या खड्ड्यात गारवा असे. चेतननं तो बरोबर हेरला. मडकी आणली, ओली वाळू आणली आणि जिथं त्याच्या आज्याचे पाय असत तिथं चीजच्या वड्या मुरायला ठेवल्या. ताराचंदांनी दार आपटलं, पण बोलले नाहीत. मुलगा आहे, पोटासाठी करतो आहे, असं मनाला समजावलं.

लुगड्याचं मात्र त्यांना सोसलं नाही.

गाढविणीच्या दुधाची एक खोड होती. गाईचं दूध कसं, जरा आंबट लागलं की घट्ट होऊन बसतं. हे दूध काही केल्या बसेना. चेतन सांगे की दुधाला बांधून धरणारा जो भाग असतो, तोच यात फार थोडा आहे. बाहेरून मागवलेल्या विरजणानं कसाबसा चोथा धरायचा, पण तो इतका बारीक की बाजारातल्या मलमलीच्या फडक्यात बांधून टांगला की पाण्याबरोबर सगळा खाली. चेतन डोकं धरून बसायचा. शेवटी त्याची आई उठली. चंद्रकलाबाईंनी कपाट उघडलं, तळातलं नऊवारी काढलं आणि कात्रीनं पदराकडून चांगला हातभर तुकडा कापला, काठासकट. गाठ मारायला काठ मजबूत असतो म्हणून.

ते लुगडं म्हणजे ताराचंदांच्या मागावरचं शेवटचं कापड. दाट विणीचं सुती अंग आणि लाल रेशमी करवती काठ, म्हणजे करवतीच्या दात्यांसारखी टोकदार नक्षी ओळीनं गेलेली. व्यापाऱ्यासाठी नव्हे, बायकोसाठी विणलं होतं. चंद्रकलाबाई ते वर्षातून एकदाच, महालक्ष्म्यांच्या दिवशी नेसत. त्याच लुगड्याचा तुकडा ताराचंदांनी खुंटीला टांगलेला पाहिला. खाली पातेलं आणि काठातून टपटप पाणी.

"माह्या मागावरचं शेवटचं कापड," ते म्हणाले, "अन् तू त्यात गाढविणीचं दूध गाळून राहिली वं?"

"आयकून तं घ्या," चंद्रकलाबाई म्हणाल्या. "बाजारच्या फडक्यातून सारं वाहून जाते. तुमच्या विणीतून नाई जात."

खरं तर ती त्यांची तारीफ होती. पण राग आलेल्या माणसाला तारीफही टोमण्यासारखी ऐकू येते. ताराचंद त्या दिवसापासून बायकोशी बोलेनासे झाले. नुसते बोलेनासे झाले नाहीत, तर जेवणाचं ताटही बाहेरच्या खोलीत आणून एकटे जेवू लागले. आत स्वयंपाकघरात बाकीची मंडळी जेवत, बोलत, हसत, आणि हे बाहेर टीव्हीवर ज्यात काडीचा रस नाही असल्या बातम्या बघत बसत. पाणी हवं असलं की नातीला हाक मारत.

नात वैभवी. वय वर्षं सहा आणि घरातलं सगळ्यात शहाणं माणूस. तिला दुधाचं वावडं होतं. साधंसुधं नव्हे. वर्षाचीही नव्हती तेव्हा शेजारच्या बारशात कोणीतरी लाडानं पेढ्याचा कण तिच्या तोंडात घातला आणि घटकाभरात पोरीचे ओठ सुजले, डोळे मिटले, श्वास शिट्टीसारखा वाजू लागला. त्या दिवशी तिला छातीशी धरून दवाखान्यात पळणारे ताराचंदच होते. ती शिट्टी त्यांच्या कानातून अजून गेली नव्हती. तेव्हापासून गाईचं, म्हशीचं, बकरीचं, कुठलंच दूध तिच्या वाटेला नाही. पेढा नाही, बर्फी नाही, दह्याचा थेंब नाही. डॉक्टर दामिनी म्हणून बाई होत्या, त्यांनी एक औषध लिहून दिलं होतं. ते फ्रिजच्या दारात आणि प्रणालीच्या पर्समध्ये कायम असे.

लुगड्याचं भांडण व्हायच्या थोडं आधी ताराचंदांच्या कानावर एक वाक्य पडलं होतं. चेतन बायकोला सांगत होता, "वैभवीसारख्या लेकरायले गाईचं चालत नाई, पण गाढविणीचं बऱ्याच जणायले चालते." हे ऐकून ताराचंद, हो, आता नातीलाही पाजा, असं पुटपुटत चपला घालून बाहेर पडले. पुढचं त्यांनी ऐकलंच नाही. पुढं प्रणाली म्हणाली होती, की डॉक्टरांना विचारल्याशिवाय बोटभरही नाही. आणि विचारल्यावर डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, की करून बघू, पण माझ्यासमोर, माझ्या दवाखान्यात, तिळाएवढ्यापासून. घरी अजिबात नाही.

अर्ध्या ऐकलेल्या गोष्टीचं असंच असतं. ती विसरली तर जात नाही आणि पुरी तर माहीत नसते.

तान्ह्या पोळ्याचा दिवस उजाडला. आदल्या दिवशी मोठ्यांचा पोळा, दुसऱ्या दिवशी पोरांचा. सकाळी मारबतीच्या, म्हणजे रोगराईला गावाबाहेर घालवणाऱ्या पुतळ्यांच्या, मिरवणुकीनं महालात पाय ठेवायला जागा नव्हती. संध्याकाळी गल्ल्या पोरांच्या ताब्यात गेल्या. प्रत्येकाच्या हातात दोरी आणि दोरीला चाकांचा लाकडी बैल. वैभवीच्या बैलाची झूल ताराचंदांनी स्वतः शिवली होती, मागाच्या वेळच्या उरलेल्या चिंधीची. शिंगांना झेंडूची फुलं. पोरगी नवा परकर नेसून बैल ओढत घरोघर गेली. घरोघरच्या बायांनी बैलाला ओवाळलं आणि तिच्या पिशवीत खाऊ घातला.

परत आली ती दारातल्या पायरीवर बसली आणि पिशवी उपडी केली. पेढे, बर्फीचे तुकडे, चॉकलेटं. तिनं रडारड केली नाही, हट्ट केला नाही. गल्लीतल्या विहंगला बोलावलं, भूमिकाला बोलावलं, आणि सराईतासारखी वाटणी करून टाकली. स्वतःकडं उरलं एक केळं आणि गुळाचे दोन खडे. मग आजोबांकडं वळून तिनं विचारलं, "आबाजी, पेढा कसा लागते गा?"

ताराचंद तिच्या बैलाच्या शिंगांवरची फुलं उगाच सारखी करू लागले.  ती रडली असती तर त्यांनी समजूत घातली असती, बाजारात नेलं असतं, फुगा घेऊन दिला असता. पण एवढ्याशा जिवानं असं निमूट समजून घेणं त्यांच्याच्यानं बघवेना. सहा वर्षांच्या पोरीला पेढा कसा लागतो ते माहीत नसावं आणि आपल्या घरात जमिनीखाली मडकंभर चीज पडलेलं असावं. गाढविणीचं चालते म्हणाला होता चेतन. त्याच्याच तोंडचं आहे.

ते उठले. स्वयंपाकघराच्या दाराशी क्षणभर थबकले. आत चंद्रकलाबाई रात्रीची भाजी चिरत होत्या. विचारावं का, की त्या वड्या खायच्या झाल्या का, कोणती घेऊ. एवढंच विचारायचं होतं. पण विचारायचं म्हणजे बोलायचं, आणि बोलायचं म्हणजे आपण हरलो. ताराचंद तसेच पुढं गेले.

मागच्या खोलीत अंधारलं होतं आणि एका डोळ्यात मोतीबिंदू. त्यांनी खड्ड्यात वाकून मडक्यात हात घातला. पुरीएवढ्या गोल, मऊ, कोवळ्या वड्या होत्या. हाताला लागली ती एक घेतली आणि बाहेर आणून मधोमध मोडली. अर्धी नातीच्या हातावर ठेवली, वर चिमूटभर साखर टाकली. उरलेली अर्धी उद्यासाठी म्हणून रुमालात गुंडाळून बंडीच्या खिशात ठेवली.

"खा माय," ते म्हणाले. "हे चालते तुले."

वैभवीनं आधी हुंगलं, मग न्याहाळलं, मग एका कडेनं कुरतडत कुरतडत सगळं संपवलं. "मऊ लागते," ती म्हणाली. "अन् जरासं आंबट." बोटंही चाटली. ताराचंदांना वाटलं, आपण माग उकलल्यापासून इतकं चांगलं काम दुसरं काही केलं नाही.

ते सुख फार टिकलं नाही. चेतनची मोटरसायकल दारात थांबली आणि वैभवी पळत गेली. "बाबा, मी आपलं चीज खाल्लं!"

चेतनच्या हातातलं हेल्मेट खाली पडलं. "कोणी देल्लं?"

"आबाजीनं."

"बाबा, कोणती वडी देल्ली तुमी? कोणती?"

"कोणती म्हणजे?" ताराचंद उखडले. "गाढविणीची! तूच म्हणत होता न, चालते म्हणून?"

"बाबा, अर्ध्या वड्यांत बकरीचं दूध हाये!"

 ताराचंद भिंतीला टेकले. "बकरीचं? कवापासून?"

"आठ दिवस झाले. नुसत्याची वडी नीट बसत नाई, म्हणून अर्ध्यांत मिसळून पाहून राहिलो. रोज जेवताना बोलत होतो आमी. तुमी होते कुठं?"

ते होते बाहेरच्या खोलीत, टीव्हीपुढं, रुसून.

आवाज ऐकून प्रणाली बाहेर आली. तिनं पर्समधलं औषध काढून आधी मुलीच्या तोंडात घातलं आणि दुसऱ्या हातानं डॉक्टरांना फोन लावला. तिकडून दामिनी मॅडम म्हणाल्या, ताबडतोब घेऊन या, मी दवाखान्यातच आहे. मडक्यात कोणत्या किती उरल्या ते पाहण्यात अर्थ नव्हता, सकाळीच चेतननं दोन्हीतल्या काही वड्या नमुन्याला काढून नेल्या होत्या आणि मोजल्या कोणी होत्या? समोरून ऑटो मिळाला. प्रणाली आणि चेतन मुलीला घेऊन मागं बसले, चंद्रकलाबाई त्यांच्याजवळ दाटीवाटीनं, आणि ताराचंद पुढं ऑटोवाल्याच्या कडेला अर्धे बाहेर. वैभवीनं बैल सोडला नव्हता. गल्लीगल्लीत पोरांचे बैल आडवे येत होते आणि ऑटोवाला हॉर्न वाजवून थकला. ताराचंद मागं वळून वळून एकच बघत होते, ओठ. पोरीचे ओठ. नागपुरातला एकही देव त्यांनी त्या रस्त्यावर सोडला नाही, सगळ्यांना हाका मारून झाल्या.

दवाखान्यात दामिनी मॅडमनी मुलीला टेबलावर बसवलं. जीभ बघितली, डोळे बघितले, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. "आत्ता तरी सगळं ठीक आहे," त्या म्हणाल्या. "पण लगेच काही सांगता येत नाही. दोन तास इथंच बसायचं. मी आहे, औषधं तयार आहेत. घाबरू नका."

घाबरू नका म्हणणं सोपं असतं. ताराचंद कोपऱ्यात उभे राहिले. खुर्ची रिकामी होती, पण बसायची हिंमत होईना. ज्यानं केलं त्यानं बसू नये, असं काहीतरी त्यांना वाटत होतं. जिला छातीशी धरून आपण पळालो, तिलाच आपल्या हातानं घास भरवला. कोणी त्यांना काही म्हणत नव्हतं आणि तेच जास्त लागत होतं. चेतननं दोन शिव्या हासडल्या असत्या तरी बरं वाटलं असतं. तो बिचारा मुलीच्या पायाशी बसून तिच्या बैलाचं निघालेलं चाक बसवत होता आणि ते काही केल्या बसत नव्हतं.

मध्येच वैभवीनं गाल खाजवला. चौघंही एकदम पुढं झाले. दामिनी मॅडमनी दिवा जवळ धरून पाहिलं आणि म्हणाल्या, "डास चावलाय."

चौघं परत बसले, म्हणजे तिघं बसले आणि ताराचंद उभेच राहिले. चंद्रकलाबाईंनी पाण्याची बाटली त्यांच्याकडं सरकवली. त्यांनी घेतली नाही. अबोल्यामुळं नव्हे, नजर पोरीच्या ओठांवरून हलत नव्हती म्हणून.

वेळ जाता जात नव्हता. दामिनी मॅडम खुर्ची ओढून वैभवीसमोर बसल्या आणि गप्पा मारू लागल्या. बैलाचं नाव काय, झूल कोणी शिवली, किती घरं फिरलीस. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "आणि ते चीज दिसायला कसं होतं गं?"

"पांढरं," वैभवी म्हणाली. "गोल. अन् कडेले दातं होते."

"दात?"

"हो न, असे असे." तिनं बोटानं हवेत टोकं काढून दाखवली, वरखाली, वरखाली. "आजीच्या लुगड्याले असते न, तसे. मी पहिले ते दातंच खाल्ले."

चंद्रकलाबाई ताडकन उठल्या. बाटली खाली पडून गडगडत गेली.

"चेतन!" त्या ओरडल्या. "बकरीचं मिसळलेलं मी बाजारच्या फडक्यात बांधत असते. ते बसते त्यात. नुसतं गाढविणीचं असलं तरच माह्या लुगड्यात! दूध तूच बसवते, पण एकेक वडीचं गाठोडं तं मीच बांधते न रे? कडेले काठ आवळला, का त्याचे दातं वडीवर उमटते. बाजारच्या फडक्याले कुठून येईन करवत?"

 मग ताराचंदांना खिशाची आठवण झाली. त्यांनी बंडीत हात घालून रुमाल काढला आणि उलगडला. अर्धी वडी जराशी दबली होती, पण शाबूत होती. डोळ्याला धूसर दिसत होतं, म्हणून त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला. एक टोक, एक खाच. एक टोक, एक खाच. उभा जन्म ज्या दात्यांवर गेला ते अंगठ्याला लगेच कळले. सूत त्यांचं, वीण त्यांची, आणि उमटलं होतं गाढविणीच्या दुधात.

त्यांनी तळहात पुढं केला तो मुलापुढं नाही, डॉक्टरांपुढंही नाही. बायकोपुढं. चंद्रकलाबाईंनी वाकून पाहिलं, मान हलवली आणि पदरात तोंड घालून रडू लागल्या. चेतन होता तिथंच फरशीवर पाय पसरून बसला आणि कोणी गुदगुल्या केल्यासारखा हसत सुटला. प्रणालीनं मुलीला इतकं आवळलं की ती ओरडली, "आई, बैल मोडते न!" ताराचंदांचा जीव भांड्यात पडला. इतका वेळ रिकामी असलेली ती खुर्ची त्यांनी आता ओढली आणि बसले. बसल्यावर कळलं, की गुडघे किती दुखत होते.

दामिनी मॅडम मात्र डॉक्टर होत्या. त्यांनी वडी उजेडात धरून पाहिली, त्यांनाही हसू आलं, आणि लगेच त्यांनी चेहरा कडक केला. "हे पाहून मलाही बरं वाटलं. पण दोन तास म्हणजे दोन तास. नुसतं गाढविणीचंसुद्धा प्रत्येक मुलाला चालतंच असं नसतं. आणि आजोबा, तुमच्या हाताला दुसरी वडी लागली असती तर?"

ताराचंदांनी मान खाली घातली. "लागली असती तं मी जगलो नसतो, बाई," ते म्हणाले. त्यात एक शब्दही वाढवून सांगितलेला नव्हता.

दोन तास झाले. ओठ जसेच्या तसे, श्वास स्वच्छ, आणि पोरीला सपाटून भूक लागलेली. दामिनी मॅडमनी पुन्हा एकदा नळी लावली आणि समाधानानं काढून ठेवली. चेतननं विचारलं, की असं कसं. तेव्हा त्या म्हणाल्या, की दुधाला बांधून धरणारा जो भाग गाईच्या दुधात भरपूर असतो, त्याचंच बहुतेक या मुलीला वावडं आहे. गाढविणीच्या दुधात तो फार थोडा आणि जरा वेगळा. बाकीचं मी तपासून बघेन, तिळातिळानं, इथंच.

चेतन डोक्याला हात लावून बसला. "म्हणजे ज्याच्या पायी वडी बसत नाई, अन् मी त्या दुधाले वर्षभर शिव्या देऊन राहिलो, त्याच्याच पायी हिले काही झालं नाई?"

"तसंच दिसतंय."

"मंग बकरीचं बंद," प्रणाली म्हणाली. एवढंच म्हणाली, पण अशा आवाजात की विषय तिथंच संपला.

 परतीच्या ऑटोत वैभवी आजोबांच्या मांडीवर बसली होती आणि बैल तिच्या मांडीवर. रस्त्यावरची पोरं आपापल्या घरी गेली होती. घराघरांतून जेवणाचे वास येत होते.

घरी आल्यावर चंद्रकलाबाईंनी अर्धवट राहिलेली भाजी फोडणीला टाकली. प्रणालीनं पानं मांडली, सवयीनं एक ताट बाहेरच्या खोलीसाठी वेगळं काढलं. ताराचंद चपला काढून तडक आतल्या खोलीत गेले. कपाट उघडल्याचा आवाज आला. काही वेळानं ते स्वयंपाकघरात आले तेव्हा त्यांच्या हातात ते लुगडं होतं, पदराकडून हातभर तुटकं, आणि दुसऱ्या हातात कात्री. त्यांनी दोन्ही चंद्रकलाबाईंसमोर ठेवली आणि पाटावर बसले.

"घे," ते म्हणाले. इतक्या दिवसांनी बायकोशी बोललेला पहिला शब्द. "सारं काप. अन् एकाही तुकड्याचा काठ सोडू नको. या घरात जे हिनं खायचं, त्यावर दातं पायजे."

चंद्रकलाबाई कढईसमोरून वळल्या. त्यांनी पदराला हात पुसले. "अन् महालक्ष्म्यांत मी काय नेसू?"

"नेसाले दुसरं भेटन," ताराचंद म्हणाले. "गाळाले असं दुसरं नाई भेटणार. तूच म्हणाली होती न, माह्या विणीतून जात नाई म्हणून."

"म्हणाली होती," त्या म्हणाल्या. "तवा कुठं आयकलं तुमी?"

 ताराचंदांनी लुगडं उलगडलं, एक टोक तिच्या हातात दिलं आणि दुसरं टोक, मागावरून कापड उतरवताना धरत तसं, आपल्या हातांत ताणून धरलं. वैभवीनं मध्ये घुसून काठावर बोट ठेवलं आणि एकेक दात मोजायला लागली. चंद्रकलाबाईंनी डोळे पुसले आणि कात्री लावली.